धरणाच्या पाण्यात पाखरांचे खाते

(शेतकी विभाग – ऊस विकास अधिकारी यांचेकडून)



ठिबक सिंचन आणि पाणी-बचत या विषयांवर आपल्या या पानांतून वेळोवेळी लिहिले गेले आहे. गटवार मेळाव्यांतही बोलणे होते. अशा मेळाव्यात एक प्रश्न हमखास येतो. मागून कोणीतरी म्हणतो, "साहेब, ठिबक केल्यावर निम्मं पाणी वाचतं म्हणता. मग वाचलेलं पाणी गेलं कुठं? नदी तर मार्चातच उघडी पडती." प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर उभ्या उभ्या देता येण्यासारखे नाही. त्यासाठी हा लेख.

उत्तर शोधायला जरा लांब, अमेरिकेतल्या प्लॅट नदीवर जावे लागेल. लांब अशासाठी की तिथल्या बागाईतदारांना हा हिशेब, कायद्याच्या धाकाने का होईना, पै-पैचा मांडावा लागला. तो मांडताना नदीच्या खालच्या अंगाला राहणारी तीन जातींची पाखरे आणि एका जातीचा मासा यांनाही पाण्यातले वाटेकरी धरावे लागले. आपल्यातल्या पुष्कळांना हे वाचून हसू येईल. पण भावकीतल्या वाटणीपेक्षा हे प्रकरण सोपे नव्हते, आणि ते मिटायला तीस वर्षे लागली.

नदी आणि तिच्यावरचे बागाईतदार

प्लॅट नदी दोन फाट्यांची. उत्तर प्लॅट आणि दक्षिण प्लॅट हे दोन्ही फाटे कोलोरॅडो राज्यात रॉकी पर्वताच्या बर्फावर पोसतात. उत्तरेचा फाटा वायोमिंग राज्यातून वळसा घेऊन येतो, आणि दोन्ही नेब्रास्का राज्यात नॉर्थ प्लॅट नावाच्याच शहराजवळ एकत्र होतात. तेथून पुढे ही नदी पूर्वेकडे मिसुरी नदीला जाऊन मिळते. 'प्लॅट' म्हणजे फ्रेंच भाषेत सपाट. जुने वसाहतवाले तिला मैलभर रुंद आणि बोटभर खोल म्हणत. आपल्या नद्यांना पूर येतो आषाढ-श्रावणात. तिला मे-जूनमध्ये बर्फ वितळून येई.

उत्तर प्लॅटच्या खोऱ्यात साखरेचे बीट पिकते. स्कॉट्सब्लफ या गावी १९१० सालापासूनचा साखर कारखाना आहे, आणि ज्या कंपनीचा तो होता ती २००२ साली बीट पिकवणाऱ्या शेतकऱ्यांनीच सहकारी संस्था काढून विकत घेतली. तेव्हा ही मंडळी नात्याने आपली भाऊबंदच लागतात. त्यांनाही टनेज, उतारा आणि पाण्याची पाळी यांचीच काळजी. खोऱ्यात खाली मका, सोयाबीन, लसूणघास. नेब्रास्कात ओलिताखालचे क्षेत्र अमेरिकेतल्या कुठल्याही राज्यापेक्षा जास्त आहे, म्हणजे पाण्याला मागणी किती असेल ते लक्षात येईल.

पाणी अडवायला धरणे झाली. वायोमिंगमधले पाथफाइंडर १९०९ साली आणि नेब्रास्कातले किंग्जली १९४१ साली पुरे झाले. किंग्जलीच्या मागे मॅकोनॉही जलाशय आहे. त्याची साठवण सुमारे १७ लाख ४० हजार एकर-फूट. एक एकर-फूट म्हणजे एका एकरावर फूटभर उंच उभे राहील इतके पाणी, सुमारे १२ लाख ३३ हजार लिटर. २३ हजार एकर-फुटांचा एक टीएमसी होतो. त्या मापाने मॅकोनॉही ७५-७६ टीएमसीचा, आपल्या उजनीहून लहान.

तिकडे पाण्याचा हक्क वहिवाटीवर ठरतो. ज्याने आधी पाट काढला त्याचा हक्क आधी. टंचाई आली की मागाहून आलेल्याचे दार आधी बंद. कायदा सरळ आहे, पण त्यात एक खोट राहिली. माणसे येण्याच्या हजारो वर्षे आधीपासून जे नदीवर होते त्यांनी पाट काढलेला नव्हता, म्हणून वहिवाटीच्या वहीत त्यांचे नावच नाही.

पाखरांना नदीत काय लागते

नेब्रास्काच्या मध्यभागी लेक्सिंग्टनपासून चॅपमनपर्यंत सुमारे नव्वद मैलांचा नदीचा पट्टा आहे. तेथे दर वर्षी फेब्रुवारी अखेरपासून एप्रिलपर्यंत सँडहिल जातीचे क्रौंच पक्षी उतरतात. पाच लाखांहून जास्त. दिवसा मक्याच्या रानात सांडलेले दाणे टिपतात, रात्री नदीच्या उथळ पाण्यात उभे राहून झोप काढतात. आपल्याकडे सोलापूर-उजनीच्या बाजूला हिवाळ्यात कांड्या करकोचे येतात, त्यांचेच हे चुलत भाऊ.

या गर्दीत कधी कधी एक उंच पांढरा पक्षी दिसतो. तो व्हूपिंग क्रौंच. उंची पाच फूट. हा हिवाळ्यात टेक्सासच्या किनाऱ्यावर असतो, उन्हाळ्यात कॅनडाच्या उत्तर भागात अंडी घालायला जातो. वाटेत काही जण प्लॅटवर मुक्काम करतात. १९४१ साली या जातीचे सगळ्या जगात मिळून दोन डझनसुद्धा पक्षी उरले नव्हते. आज टेक्सास-कॅनडा करणारा कळप पाचशेच्या वर गेला आहे. वाढ खरी, तरी आपल्या एका गटातल्या सभासदांची संख्याही याहून जास्त भरेल.

त्याला मुक्कामाला जागा कशी लागते? पाणी घोट्या-गुडघ्याइतके, पात्र रुंद, आणि दोन्ही बाजूंना नजर पोचेल तिथवर झाडोरा नको. रात्री कोल्हा आला तर पाण्यात त्याच्या पायाचा आवाज व्हावा आणि अंधूक उजेडातही तो लांबून दिसावा, एवढेच त्याचे शास्त्र. पुढे अभ्यासात असे आढळले की सुमारे साडेसहाशे फूट मोकळे पात्र असेल तेथे तो उतरणे पसंत करतो.

दुसरी दोन पाखरे लहान. एक छोटा सुरय, एक चिखल्या. दोघेही घरटे म्हणून काही बांधत नाहीत, उघड्या वाळूत खळगा करून अंडी ठेवतात. चौथा वाटेकरी पॅलिड स्टर्जन नावाचा मासा. तो थेट खालच्या टोकाला, मिसुरीजवळच्या भागात असतो.

धरणांनी काय केले ते आता पाहू. पक्षी कोणी मारले नाहीत, पाणीही विषारी केले नाही. बर्फाच्या पुराने दर वर्षी वाळूची बेटे उलथीपालथी होत, त्यांवर उगवलेली रोपे मुळासकट निघून जात. पूर धरणात अडकला. शिवाय मधल्या पट्ट्यात पोचण्याआधीच नदीचे सुमारे सत्तर टक्के पाणी काढून घेतले जाते, असा अंदाज सांगितला जातो. बेटांवर कॉटनवुडची झाडे आणि वाळुंज माजले. मैलभराचे पात्र आक्रसून ओढ्यांसारखे झाले. नदीत पाणी दिसत होते, पण क्रौंचांना उतरायला जागा नव्हती. हे आपल्या लवकर ध्यानात येत नाही. आपण नदीकडे पाहतो ते पंपाच्या फूटव्हॉल्व्हवर पाणी आहे की नाही, एवढ्यापुरते.

भांडण कसे पेटले आणि कसे मिटले

१९७३ साली अमेरिकेत धोक्यात आलेल्या प्राणिजातींच्या रक्षणाचा कायदा झाला. केंद्र सरकारचा परवाना, पैसा किंवा धरण ज्या कामात गुंतले असेल, त्या कामाने अशा जातीचे अस्तित्व धोक्यात येणार नाही याची खात्री आधी करून घ्यावी लागते. १९७८ साली लेक्सिंग्टनपासून खालचा ५६ मैलांचा पट्टा व्हूपिंग क्रौंचासाठी अत्यावश्यक निवासस्थान म्हणून जाहीर झाला. त्याच सुमारास वायोमिंगमधल्या ग्रेरॉक्स धरणाचे भांडण कोर्टात गेले. तडजोड होऊन धरण झाले, पण वीज प्रकल्पवाल्यांना ७५ लाख डॉलर क्रौंचांच्या निवासस्थानासाठी विश्वस्त निधीत भरावे लागले. १९९० साली डेन्व्हर शहरासाठी दक्षिण प्लॅटवर योजलेले टू फोर्क्स धरण पर्यावरण खात्याने नाकारले ते नाकारलेच.

किंग्जली धरणाच्या वीजनिर्मितीचा परवाना १९८७ साली संपला. नवा मिळायला १९९८ उजाडले. अकरा वर्षे! तोवर बागाईतदारांच्या एक गोष्ट ध्यानात आली, की हे असेच चालले तर प्रत्येक पाट, प्रत्येक लहान धरण आणि प्रत्येक गावची पाणीपुरवठा योजना एकेकटी गाठली जाणार, आणि प्रत्येकाला वेगळा वकील करावा लागणार. उलट पक्षीवाल्यांच्याही ध्यानात आले की कोर्टात जिंकून कागद मिळतो, नदीत पाणी येत नाही.

मग १९९७ साली कोलोरॅडो, वायोमिंग, नेब्रास्का ही तीन राज्ये आणि केंद्र सरकार यांच्यात करार झाला. दहा वर्षे वाटाघाटी चालल्या, आणि १ जानेवारी २००७ पासून प्लॅट नदीचा पुनरुज्जीवन कार्यक्रम सुरू झाला. त्याच्या कारभारी मंडळात राज्ये, केंद्राची खाती, पाणी वापरणारे शेतकरी व शहरे आणि पर्यावरण संस्था एकाच टेबलावर बसतात. कार्यक्रम चालू आहे तोवर ज्याचा वापर आधीपासून आहे त्याच्यावर या चार जातींपायी स्वतंत्र खटला-चौकशी नाही. बागाईतदारांनी सही केली ती मुख्यतः या एका हमीसाठी. यात कमीपणा मानण्याचे कारण नाही. आपणही सोसायटीच्या ठरावावर सही करताना आपले हित बघतोच.

दोन गोष्टी ठरल्या. पाण्याची वार्षिक तूट १ लाख ३० हजार ते दीड लाख एकर-फुटांनी (साधारण साडेपाच ते साडेसहा टीएमसी) कमी करायची, आणि १० हजार एकर जमीन निवासस्थानासाठी राखायची. जमीन सक्तीने घ्यायची नाही, जो राजीखुशीने देईल त्याच्याकडूनच. आणि तिच्यावरचा स्थानिक कर कार्यक्रमानेच भरायचा, म्हणजे गावच्या शाळा-रस्त्यांचे उत्पन्न बुडू नये. हे कलम ज्याने सुचवले त्याला गावगाडा चांगला ठाऊक असला पाहिजे.

खाते कसे चालते

आता मुख्य भाग. किंग्जली धरणाला नवा परवाना मिळाला तेव्हा मॅकोनॉही जलाशयात एक 'पर्यावरण खाते' उघडले गेले. बँकेत खाते असते तसेच. ऑक्टोबर ते एप्रिल या काळात साठवण्याजोगे जे पाणी धरणात येते, त्याचा दहावा हिस्सा या खात्यात जमा होतो. वर्षाला जमा जास्तीत जास्त १ लाख एकर-फूट. शिल्लक साठत गेली तरी २ लाखांच्या वर ठेवता येत नाही. खात्याचा कारभारी केंद्राच्या वन्यजीव खात्याचा माणूस असतो. कधी, किती आणि किती दिवस पाणी सोडायचे ते तो सांगतो. सोडलेले पाणी वाटेतल्या पाटांनी उचलायचे नाही, ते मधल्या पट्ट्यापर्यंत जाऊ द्यायचे.

मला यात सर्वांत पटले ते टक्केवारीचे कलम. पाखरांना ठरीव कोटा दिलेला नाही, आवकीचा हिस्सा दिला आहे. चांगले साल असेल तर त्यांच्या खात्यात भर, दुष्काळ असेल तर त्यांच्याही खात्यात खडखडाट. २००० नंतर त्या खोऱ्यात सलग दुष्काळ पडला. २००४ साली मॅकोनॉहीत जेमतेम पाचवा हिस्सा पाणी उरले. शेतकऱ्यांच्या पाळ्या तुटल्या तसा पाखरांचा हिस्साही आटला. ठरीव कोटा असता तर त्या वर्षी शेतकऱ्यांनी धरणावर मोर्चा नेला असता. भागधारक म्हणून आपल्याला हे सांगायला नको. लाभांश नफ्यावर ठरतो, संचालकांच्या इच्छेवर नव्हे.

खाते मोठे वाटेल, पण खर्च कसा होतो पाहा. वसंतातल्या मुक्कामासाठी साधारण वर्षी २,४०० आणि कोरड्या वर्षी १,७०० क्युसेक प्रवाह असावा असे उद्दिष्ट आहे. समजा नदीत हजार क्युसेक कमी पडतात आणि ते खात्यातून भरायचे. एक हजार क्युसेक चोवीस तास सोडले की ८ कोटी ६४ लाख घनफूट गेले. एक लाख एकर-फूट म्हणजे ४.३६ टीएमसी. पन्नास दिवसांत खाते रिकामे. म्हणून कारभाऱ्याला क्रौंच कधी येतात, कधी जातात, पाऊस कुठे झाला, हे सगळे पाहून दार उघडावे लागते. आपल्या पाटकऱ्याचेच काम, फक्त बाऱ्याला उभा राहिलेला शेतकरी पाच फूट उंच आणि पांढरा.

पाणी उभे करण्याच्या आणखी दोन युक्त्या सांगण्यासारख्या आहेत. वायोमिंगमध्ये पाथफाइंडर धरण गाळाने भरत चालले होते. त्याचा सांडवा सुमारे अडीच फुटांनी उंच केला आणि गाळाने खाल्लेली ५४ हजार एकर-फूट साठवण परत मिळवली. त्यातली ३४ हजार नदीच्या खात्यात, उरलेली २० हजार राज्याला गावांच्या पाण्यासाठी. कोणाच्या शेताचे पाणी काढले नाही.

दुसरी युक्ती कोलोरॅडोची, टॅमरॅक येथील. हिवाळ्यात दक्षिण प्लॅटमध्ये कोणाला नको असलेले पाणी वाहत असते. ते नदीकाठच्या विहिरींतून उपसून नदीपासून लांब असलेल्या तळ्यांत सोडतात. तळ्यातून ते मुरते आणि जमिनीखालून हळूहळू नदीकडे परत येते. तळे नदीपासून किती लांब, त्यावर ते किती महिन्यांनी पोचणार हे ठरते. म्हणजे जानेवारीचे पाणी टंचाईच्या महिन्यात नदीला मिळते. जमीनच धरण झाली. आपल्याकडे पाझर तलावाखालच्या विहिरींना उशिरापर्यंत पाणी राहते ते याच न्यायाने. फरक इतकाच की त्यांनी महिन्यांचे गणित मांडले.

वाचलेले पाणी गेले कुठे

आता मेळाव्यातला तो प्रश्न.

शेताला दिलेले पाणी सगळेच खर्च होत नाही. काही पीक पानांवाटे उडवते, काही मातीवरून वाफ होऊन जाते, ते गेले. बाकीचे मुळांखाली झिरपते किंवा शेताच्या टोकाला वाहून जाते, आणि त्यातले बरेचसे ओढ्यावाटे, विहिरीवाटे पुन्हा नदीला येते. प्लॅटच्या खोऱ्यात हे डोळ्यांनी दिसले. दक्षिण प्लॅटचा खालचा भाग पूर्वी उन्हाळ्यात कोरडा पडे. वरच्या बाजूला पाटपाणी सुरू झाल्यावर झिरप्याने तो बारमाही वाहू लागला. एका शेतकऱ्याची गळती ही खालच्या शेतकऱ्याची आवक असते.

समजुतीसाठी आकडे धरू. एक एकर उसाला पाटाने १०० भाग पाणी दिले. पिकाने ५० उडवले, ५० फिरून नदीला आले. नदीचा खरा खर्च ५०. आता ठिबक केले. ६० भाग दिले, पिकाने त्याचे ५० तेवढेच घेतले, १० झिरपले. खर्च तोच ५०. आता ४० भाग 'वाचले' म्हणून आपण शेजारच्या माळावर आणखी सुमारे दोन-तृतीयांश एकर ऊस लावला. त्या उसाने ३३ भाग उडवले. नदीतून उपसा पूर्वीइतकाच, १००. पण परत येणारे ५० होते ते १७ वर आले. नदीचा खर्च ५० वरून ८३ वर गेला.

वाचलेले पाणी गेले ते इथे, नव्या लागणीत.

याचा अर्थ ठिबक करू नका असा कोणी काढू नये. ठिबकाने खत वाया जात नाही, वीज वाचते, टनेज वाढते, जमीन चोपण होत नाही. जेथे झिरपा खालच्या काळ्या रानात साचून मीठ फुटते तेथे ते पाणी नदीला परत जातच नव्हते. तेथली बचत ही खरी बचत. शिवाय ऐन एप्रिल-मेमध्ये उपसा कमी झाला तर त्या दिवसांत पंपाखालच्या डोहात पाणी टिकते, हाही फायदा खराच. पण क्षेत्र वाढवून 'पाणी वाचवले' म्हणणे हे कर्ज काढून शिल्लक दाखवण्यासारखे आहे.

नेब्रास्काने याला कुलूप लावले. २००४ सालच्या राज्य कायद्याने प्लॅट खोऱ्याच्या मोठ्या भागात नव्या विहिरी आणि नवे ओलीत क्षेत्र यांवर बंधन आले. ओलिताचे एकर प्रमाणित करून नोंदलेले आहेत. नवा एकर भिजवायचा तर जुना कोठेतरी कोरडा करा, किंवा तितके पाणी नदीला दुसरीकडून भरून द्या. हे काम राज्य सरकार दुरून करीत नाही. १९७२ पासून तेथे नैसर्गिक संपत्ती जिल्हे म्हणून स्थानिक मंडळे आहेत, त्यांचे संचालक मतदानाने निवडून येतात. विरोध भरपूर झाला. पण शेजाऱ्याने शेजाऱ्यावर लावलेला नियम जरा तरी पाळला जातो.

जे जमले नाही

सगळेच साधले असे नाही. सुरुवातीला कल्पना अशी होती की खात्यातले पाणी दोन-तीन दिवस एकदम जोराने सोडले तर ते लहान पुरासारखे काम करील, बेटांवरचा झाडोरा उपटून काढील आणि सुरय-चिखल्यांसाठी उंच वाळूची बेटे रचील. पहिली अडचण, नॉर्थ प्लॅट शहराजवळ पात्र इतके बुजलेले की तीन हजार क्युसेकचे पाणीसुद्धा काठावर चढायच्या बेतात. दुसरी अडचण गवताची. दुष्काळात उघड्या पडलेल्या पात्रात फ्रॅग्मायटिस माजले. हा आपल्या नळाचा सख्खा भाऊ आणि उसाच्याच कुळातला; मुळे किती घट्ट धरत असतील ते ऊसवाल्यांना सांगायला नको. खोडवा मोडताना काय दम लागतो! पाण्याच्या जोराने ते हलेना. शेवटी हेलिकॉप्टरने तणनाशक फवारावे लागले, पात्रात डिस्क फिरवावी लागली, झाडे यंत्राने काढावी लागली. धरणाखाली नदीला वाळूच कमी पडते म्हणून वाळूही बाहेरून टाकून पाहिली.

वाळूच्या बेटांचा बेतही फसला. पुरेशी उंच बेटे त्या पाण्याने तयार होत नाहीत असे मोजमापांती निघाले. तेव्हा नदीकाठच्या जुन्या वाळू-खडीच्या खाणी साफ करून, कोल्ह्यांपासून कुंपण घालून, पाखरांना तेथे अंडी घालायची सोय केली. तेथे ती बऱ्यापैकी नांदतात. मला त्यांची ही सवय आवडली, की आधी मोजायचे, चुकले तर बदलायचे, आणि तसे लिहून ठेवायचे. आपल्याकडे योजनेचे उद्घाटन होते, तपासणी होत नाही.

२०२१ साली छोट्या सुरयाचे नाव धोक्याच्या यादीतून काढले गेले. त्याचे श्रेय एकट्या प्लॅटला देता येणार नाही. हा पक्षी मिसिसिपी-मिसुरीच्या सगळ्या खोऱ्यात असतो आणि सगळीकडे मिळून वाढला. व्हूपिंग क्रौंच, चिखल्या आणि स्टर्जन अजून यादीत आहेत. कार्यक्रमाचा पहिला टप्पा २०१९ अखेर संपला, त्याला २०३२ पर्यंत मुदतवाढ मिळाली. पाण्याचे उद्दिष्ट गाठणे जमिनीच्या उद्दिष्टापेक्षा फार अवघड आणि महाग गेले.

आपल्या नदीवर

आपल्या नद्यांवर असे खाते नाही. वरच्या धरणांतून जायकवाडीला पाणी सोडण्यावरून टंचाईच्या वर्षी काय होते ते सर्वांना माहीत आहे. तिथे निदान खालच्या अंगाला माणसे आहेत, ती बोलतात. नदी सुरय हा आपल्याकडचा पक्षी उन्हाळ्यात वाळूच्या उघड्या बेटांवर अंडी घालतो, आणि वरून अचानक पाणी सुटले की सगळी वीण वाहून जाते. तो कोणाकडे जाणार? दख्खनच्या नद्यांत राहणारे लीथचे मऊ पाठीचे कासव आज जगातल्या अतिशय धोक्यात आलेल्या जातींत मोजले जाते. त्याला डोह लागतो आणि अंड्यांसाठी काठाची वाळू लागते. कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्याला सगळे बर्गे घट्ट बसले की वरती तुडुंब आणि खाली खडक, हे चित्र आपण दर वर्षी पाहतो. प्लॅटचे गणित इथे जसेच्या तसे बसणार नाही. आपली शेते लहान, पंप हजारो, आणि मोजमाप नाही. बर्फ नाही, पावसाळा आहे.

पण मोजमाप नाही हे कारण फार दिवस पुरणार नाही. आज ना उद्या कोणीतरी, कोर्ट म्हणा, सरकार म्हणा, खालचा जिल्हा म्हणा, विचारणारच की तुमचा ऊस नदीचे किती पाणी खातो. त्या वेळी ज्याच्याकडे आकडे असतील त्याला टेबलावर खुर्ची मिळेल. प्लॅटच्या बागाईतदारांना ती मिळाली, कारण त्यांच्या पाटावर मोजपट्ट्या होत्या आणि वह्या भरलेल्या होत्या.

त्यादृष्टीने शेतकी विभाग येत्या हंगामापासून गटवार पाणी-नोंद ठेवणार आहे. ज्या सभासदांनी किंवा उपसा सिंचन संस्थांनी पंपावर पाणीमीटर बसवले आहेत, त्यांनी गेल्या दोन हंगामांचे आकडे आपल्या गट कार्यालयात द्यावेत. मीटर नसेल पण विजेचे बिल युनिटवर येत असेल, तर ठिबक करण्याच्या आधीच्या वर्षाची आणि नंतरच्या वर्षाची बिले आणावीत. पंपाची अश्वशक्ती व पाण्याची उंची ठाऊक असली की त्यावरून उपशाचा अंदाज काढता येतो. सोबत ठिबकापूर्वी उसाखाली किती क्षेत्र होते आणि आता किती आहे, हेही खरे खरे लिहून द्यावे. क्षेत्र वाढले असेल तरी लपवू नये. ही नोंद पुरजी, तोडणी किंवा उचल यांपैकी कशालाही लावली जाणार नाही. बिले झेरॉक्स करून लगेच परत दिली जातील.